टाकळवणच्या बारवेतला मासा

फार मागची गोष्ट. तेव्हा आमच्या टाकळवणात कुणाच्या काही लक्षात राहत नसे. सुकाळ आला की गाव दुष्काळ विसरायचं. एका साली पाऊस इतका झाला, की बारव उतू जाऊन पाणी घरांत शिरलं. गावाने झऱ्याच्या तोंडात चिरा ठोकून बसवला, आणि कुठे बसवला तेही विसरून गेलं.

पुढे मोठा दुष्काळ पडला. बारव आटली. लोक गाव सोडायला निघाले, बैलगाड्या जुंपल्या. पण लखमाजी पाथरवटाची सून दिवस भरलेली होती. तिला गाडीत घालणार कसं? म्हातारा हातोडी घेऊन बारवेत उतरला आणि एकेका चिऱ्यावर ठोकून कान लावू लागला.

वरून लोक हसले, "लखमाजीबाबा, दगड बोलतो का काय?"

"बोलतो की. आणि तुमच्यासारखा विसरत नाही!"

एक चिरा पोकळ वाजला. त्याने तो उपसून काढला, तशी पाण्याची धार उसळली. असं म्हणतात, धारेबरोबर एक चांदीसारखा मासा बाहेर आला, म्हाताऱ्याच्या पायांभोवती फिरला आणि परत झऱ्यात गेला. जुंपलेल्या गाड्यांचे बैल सोडले. दिवेलागणीला सुनेला मुलगी झाली.

लखमाजीने झऱ्याशेजारी तो मासा कोरला. म्हणाला, "आता विसरलात, तर हा सांगेल."

मग काय, गावाला नादच लागला. लग्न झालं, कोरा मासा. गाईला जुळं झालं, कोरा मासा. एकदा पाटील घोडीवरून पडले, तर पोरं टाळ्या पिटत लखमाजीकडे धावली. मागून पाटील लंगडत आले. "बाबा, एवढं तेवढं कोरू नका हो!"

"पडलात ते नाही कोरत, पाटील. उठलात ते कोरतो."

बाकीची गावं नोंद म्हणतात, आम्ही मासा म्हणतो. आमचा शब्द आला तो असा. आजही ग्रामसभा उठताना कुणीतरी विचारतंच, "मासा कोरला का?"

आणि मूल जन्मलं की आई त्याला घेऊन बारवेत उतरते. बोट ओलं करून लखमाजीच्या माशावर ठेवते आणि बाळाचं नाव आधी माशाच्या कानात सांगते. पहिलं नाव लखमाजीच्या नातीचं, पाणकुवर. माशाला कान नसतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण असं म्हणतात, तो अजून एकही नाव विसरलेला नाही.