सर्वांत लहान पंडिता

फार वर्षांमागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तांबट राहत होता. घंगाळं, हंडे, कळशा घडवायचा. त्याच्या आळीत दिवसभर ठोकाठोकीचा एवढा आवाज असे, की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. तांबटाचं काम चोख होतं. पण कळशी घेऊन जाणाऱ्यानं घडवणाऱ्याचं नाव विचारलंय, असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

त्याला एकच मुलगी होती. तिचं नाव सगुणा.

सगुणा चार वर्षांची असताना देवळात एक पुराणिकबुवा आले. आईच्या मांडीवर बसून तिनं एक अध्याय ऐकला आणि घरी येऊन जसाच्या तसा म्हणून दाखवला. आईला वाटलं, पोर काहीतरी बडबडते आहे. दुसऱ्या दिवशी पुराणिकबुवांनी ऐकलं आणि ते खालीच बसले. पुढे तिला आकड्यांचा नाद लागला, मग ताऱ्यांचा. अमावास्या कधी, चंद्र कुठल्या नक्षत्रात, हे गावचा जोशीसुद्धा तिला विचारून घेऊ लागला.

आता बाजारात लोक तांबटाला हाक मारून थांबवत. "तुम्हीच ना सगुणाचे वडील?" म्हणत. तांबट ताठ होऊन म्हणे, "हो, मीच. तिला सगळं समजतं. एकदा सांगितलं की झालं."

त्या राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. तिथं गणित आणि ज्योतिष शिकायला लांबलांबहून माणसं येत. मिसरूड फुटलेली, लग्नं झालेली, काही तर केस पिकू लागलेली. सगुणा नऊ वर्षांची झाली तेव्हा तांबट तिला तिथं घेऊन गेला. म्हाताऱ्या आचार्यांनी तिला सकाळभर प्रश्न विचारले. शेवटी ते म्हणाले, "अशी बुद्धी मी पाहिली नाही. पण फार लहान आहे हो. चार वर्षं थांबा. विद्या कुठं पळून जात नाही."

"चार वर्षांनी तिचं नवल काय राहील, आचार्य?" तांबट म्हणाला. "आज ती इथली सर्वांत लहान विद्यार्थिनी होईल."

आईला मुळीच पाठवायचं नव्हतं. "अहो, तिला अजून अंधारात परसात जायची भीती वाटते," ती म्हणाली.

"तिला ग्रहणं कळतात, आणि तू परसाचं काय घेऊन बसलीस?" तांबट म्हणाला.

सगुणा गेली.

विद्यापीठात सगळे तिला मान देत. मोठमोठे विद्यार्थी अडलेलं गणित तिच्यापुढं ठेवत. पण संध्याकाळी ते नदीवर पोहायला जात, गप्पा मारत, तेव्हा त्यांच्यात तिला जागा नसे. कुंपणापलीकडं गुराख्यांची पोरं विटीदांडू खेळत. एकदा ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली, तर पोरं खेळ थांबवून हात जोडून उभी राहिली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की ही फार मोठी विदुषी आहे. ती परत फिरली. पुन्हा तिकडं गेली नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीला, ती घरी येई. आईच्या पाठीला पाठ लावून बसे आणि फारसं बोलत नसे. जायचा दिवस आला की तांबटच घाई करी.

असं तिसरं वर्ष लागलं, आणि सगुणाची आई आजारी पडली.

आधी नुसता ताप होता. मग अन्न जाईना. वैद्यांनी नाडी पाहिली आणि तांबटाला अंगणात नेऊन हळूच सांगितलं, "मुलीला बोलावून घ्या."

तांबट घरात आला. बायको म्हणाली, "मला ऐकू आलं. रडू नका. तिला तेवढं घेऊन या. मला बघायचंय."

तांबटानं त्याच घटकेला गाडी जुंपली. वाटेत तो कुठं जेवला नाही. विद्यापीठ दिसू लागलं तेव्हा त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. मुलीला गाडीत घालायचं आणि माघारी फिरायचं, एवढंच होतं.

पण दारात आज तोरणं बांधत होते. अंगण सारवत होते. त्यानं विचारलं, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "पुढच्या महिन्यात महासभा आहे. महाराज स्वतः येणार. दक्षिणेतून मोठे पंडित येताहेत. यंदा उत्तरं द्यायला कोण बसणार, माहीत आहे? आमची सगुणा! जिंकली तर पंडिता होईल. एवढ्या लहान वयात आजवर कुणीही झालेलं नाही."

तांबट तिथंच उभा राहिला.

तेवढ्यात सगुणा धावत आली. "अप्पा! तुम्ही मधेच कसे? आई कशी आहे?"

तिच्यामागून आचार्य येत होते. त्यांनीही विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

तांबटानं मुलीकडं पाहिलं. तोरणांकडं पाहिलं. त्याच्या मनात आलं, एक महिन्याचा तर प्रश्न आहे. वैद्यही चुकतात. आता नेली तर सभा गेली, आणि सभा पुन्हा कधी भरेल कोण जाणे.

"बरी आहे," तो म्हणाला. "या बाजूला काम होतं, म्हणून डोकावलो."

"मग मला एक दिवस नेता? लगेच परत येईन मी."

"सभा झाली की ये. मन लावून अभ्यास कर. आईनंच सांगितलंय तसं."

सगुणानं मान डोलावली. आईनं सांगितलंय म्हटल्यावर तिनं पुन्हा काही विचारलं नाही. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

इकडं गाडी आळीत शिरली तेव्हा घुंगरांचा आवाज ऐकून आजारी बाई उठून बसली. उशाशी बसलेल्या शेजारच्या बयाकाकूंना म्हणाली, "माझं पातळ नीट करा हो. मी अशी दिसले तर घाबरेल ती."

तांबट एकटाच आत आला.

"सभा आहे तिची," तो म्हणाला. "महाराज येणार आहेत. ती झाली की येतेच म्हणाली."

आईनं त्याच्यामागं दाराकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "ती म्हणाली असं?"

"हो."

"केस कोण विंचरतं तिचे तिथं?"

 मुलीच्या केसांकडं तांबटानं पाहिलंच नव्हतं.

पाचसहा दिवसांनी आई गेली. आळीतल्या सगळ्यांनी त्या दिवशी हातोडे खाली ठेवले. आळी कधी नव्हे इतकी गप्प झाली. बयाकाकू तांबटाला म्हणाल्या, "आता तरी पोरीला आणा. आईच्या तेराव्याला तरी असू दे."

"आता आणून काय होणार आहे?" तांबट म्हणाला. "गेलेलं माणूस परत येत नाही. सभा तरी तिच्या हातची जायला नको."

बयाकाकूंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या उठून गेल्या.

तेरावं आटोपून तांबट सभेला निघाला. डोक्यावरचे केस काढलेले होते. ते दिसू नयेत म्हणून त्यानं पागोटं कपाळापर्यंत घट्ट ओढून बांधलं.

सभा भरली. उंच आसनावर सगुणा बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून कुणीतरी खाली पाट ठेवला होता. दक्षिणेच्या पंडितांनी एकामागून एक प्रश्न घातले. शेवटी त्यांनी विचारलं, "येत्या काळातलं सूर्यग्रहण कोणत्या दिवशी लागेल, आणि किती घटका राहील?"

सगुणानं डोळे मिटले. तिची बोटं तेवढी हलत होती. सभेत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तिनं दिवस सांगितला, घटका सांगितल्या, पळंही सांगितली. पंडितांनी आपलं गणित काढून ताडून पाहिलं. ते आसनावरून उठले आणि त्यांनी त्या पोरीला वाकून नमस्कार केला.

नगारे वाजले. महाराज तिला म्हणाले, "बाळ, तू आजपासून पंडिता. माग, काय हवं ते माग."

सगुणा म्हणाली, "मला घरी जायचंय. आईला सांगायचंय."

सगळी सभा कौतुकानं हसली. महाराजही हसले. मागच्या रांगेत तांबट ओक्साबोक्शी रडत होता. शेजारचे लोक त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "रडा, रडा. असा आनंद कुणाच्या वाट्याला येतो?"

महाराजांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि घरी जायला मेणा दिला. सगुणा मेण्यात, तांबट बाजूनं पायी. पहिल्या दिवशी ती सारखी बोलत होती. आईला आधी काय सांगू, शाल आधी दाखवू की ग्रहणाचं सांगू, एक ना दोन. तांबट "हं, हं" करत चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवर सगळे पाण्यासाठी थांबले. ऊन मी म्हणत होतं. मेणा उचलणाऱ्या भोयांनी मुंडाशी सोडून नदीत भिजवली, तोंडावर पाणी मारलं. तांबटानंही तोंड धुतलं. पण त्याच्या मानेवरून घाम वाहत असूनही त्यानं पागोट्याला हात लावला नाही.

सगुणा मेण्यातून उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती बराच वेळ बघत होती.

"अप्पा, काल रात्री झोपतानाही तुम्ही पागोटं काढलं नाहीत."

"गार वाटत होतं."

"काढा ना."

तांबट हलला नाही. मग तिनंच चवड्यांवर उभं राहून त्याचं पागोटं उचललं. तुळतुळीत डोक्यावर नुकते कुठं खुंट फुटू लागले होते. तिनं त्यावरून हळूच हात फिरवला. गणित करायला तिला कधीच वेळ लागत नसे.

"कधी?" तिनं विचारलं.

तांबटानं सांगितलं.

"मग तुम्ही आला होतात, तेव्हा आई होती."

"होती."

"मला न्यायलाच आला होतात."

तांबटानं मान खाली घातली.

सगुणा रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "अप्पा, मला सगळं समजतं, असं तुम्ही गावभर सांगत होतात. मग हेच मला समजणार नाही, असं तुम्हाला का वाटलं?"

 तांबट वाळूत बसून रडू लागला, आणि भोई तोंड फिरवून उभे राहिले. सगुणानं पागोटं त्याच्या मांडीवर ठेवलं. नंतर ती मेण्यात बसली नाही. घरापर्यंत चालत आली.

महिन्याभरानं आचार्य स्वतः तिला न्यायला आले. सगळं कळल्यावर ते तांबटाला म्हणाले, "अहो, मी विचारलं होतं तुम्हाला. खरं सांगितलं असतंत, तर सभा बाजूला ठेवून मीच तिला गाडीत बसवलं असतं."

मग ते सगुणाकडं वळले. "चल बाळ. विद्येत मन रमेल."

"आता नाही, आचार्य," ती म्हणाली. "एवढे ग्रंथ मला पाठ आहेत. पण आईचं फारच थोडं आठवतं. मी तिच्याजवळ राहिलेच किती? ते आधी गोळा करते. ज्यांना आठवतंय, त्यांनी विसरायच्या आत."

आणि खरंच ती आळीत घरोघर जाऊन विचारू लागली. आई हसायची कशी? भांडायची कुणाशी? लहान असताना मला काय म्हणायची? कुणी सांगितलं, तुझी आई झाडावर सरसर चढायची. बयाकाकूंनी सांगितलं, तुझ्या जन्माच्या वेळी तिनं आख्ख्या आळीला गूळ वाटला होता. सगुणा एकदाच ऐके. तिला एकदाच ऐकायला लागत असे.

वडिलांना मात्र ती काही विचारत नसे. दोघं एकाच घरात राहत, ती त्यांना वेळेवर जेवायला वाढी, पण बोलणं कामापुरतंच. एके संध्याकाळी तांबट आपण होऊन तिच्यापाशी येऊन बसला. "शेवटच्या दिवसांतलं मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ऐकशील?"

तिनं होकार दिला. त्यानं काहीही न लपवता सांगितलं. रिकाम्या गाडीचं सांगितलं. तिनं पातळ नीट करून घेतल्याचं बयाकाकूंकडून कळलं होतं, ते सांगितलं. त्यानंतर आई दाराकडं तोंड करून निजायची, कूस बदलून दिली तरी पुन्हा तिकडंच वळायची, तेही सांगितलं.

सगुणानं सगळं ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली, अगदी लहान पोरीसारखी, हुंदके देत. तांबटानं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला. तो हात तिनं दूर लोटला नाही, पण धरलाही नाही.

पुढं मोठी झाल्यावर ती विद्यापीठात परत गेली. फार नावाजली. तिच्या गणितावरून पंचांगं बनू लागली. पण 'सर्वांत लहान पंडिता' असा कुणी तिचा उल्लेख केला, की ती बोलणं तिथंच थांबवी. आणि तांबट? तो हंडे-कळशा घडवत राहिला. बाजारात लोक त्याला अजून विचारत, "तुम्हीच ना सगुणाचे वडील?" त्यावर तो तसाच पुढं चालू लागे.

तात्पर्य एवढंच: मूल कितीही बुद्धिमान असलं, तरी ते आधी कुणाचं तरी लेकरू असतं. त्याला मिळणाऱ्या मानाच्या मोहात पडून त्याच्या वाट्याची माया आणि त्याच्या वाट्याचं दुःख त्याच्यापासून हिरावून घेऊ नये. मानाची वेळ पुन्हा येऊ शकते, निरोपाची येत नाही.