राखेतला घेवडा

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. मठाच्या पुस्तकात छापायची आहे म्हणून पोरं सकाळ-संध्याकाळ माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागली. चहा माझाच पितात आणि वर मलाच म्हणतात, "आजोबा, तुम्ही स्वतः तिथं होता." होतो. म्हणून काय झालं? माझं लिहिणं चौथीपुरतं. चुका निघाल्या तर तुमच्या तुम्ही सुधारा, मला विचारायला येऊ नका.

तर ऐका.

"बुवा, अजून काय घालू ह्यात?"

जालिंदर फाळके तव्यापुढं उकिडवा बसला होता आणि तव्यावर त्याच्या टिक्कीचा भुगा झाला होता.

मठाचे सोमगिरबुवा खांबाला टेकून बसले होते.

"बटाटा घातला. बेसन घातलं. पोहे भिजवून घातले. पावाचा चुरा घातला. तरी उलटायला गेलं की फुटते. सांगा ना, काय घालू, बुवा?"

"काय काढलंस ते सांग," बुवा म्हणाले.

जालिंदरला वाटलं, बुवांना ऐकू कमी यायला लागलं.

"काढलं नाही, बुवा. घालायचं विचारतोय. घा-ला-य-चं!"

बुवांनी डोळे मिटून घेतले.

हा जालिंदर कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावातलाच. शाळा अर्धी टाकून पुण्याला पळाला. हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाला, पुढं मोठा आचारी झाला. हाताला चव होती, खोटं कशाला बोलू. पण जीभ तिखट. मालकाशी भांडला, वाढप्यांशी भांडला, एकदा तर जेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडला. एकेका भटारखान्यानं त्याला बाहेर काढलं. शेवटच्या मालकानं त्याची पिशवी रस्त्यावर ठेवली आणि दार लावून घेतलं. गावात आला तर भाऊ घरात घेईना.

मग आला टेकडीवर, मठात. बुवांच्या पायाशी बसला.

"मला शिष्य करा. मठाचं स्वयंपाकघर सांभाळतो. मला दुसरीकडं जागा नाही."

बुवा म्हणाले, "अवसेचं जेवण कर. गाव पोटभर जेवलं तर राहा. पातेलं उरलं तर संध्याकाळची एसटी आहे."

एवढंच.

अवसेच्या जेवणाची आमच्याकडं एक रीत आहे. घरटी एक मूठ घेवडा मठात द्यायचा. आमच्या भागातला वाघ्या घेवडा, पट्ट्यापट्ट्यांचा. शहरातले लोक राजमा म्हणतात त्याच्या भावकीतला. सगळ्या मुठी एकाच पातेल्यात पडतात. खडा दिसला तर काढायचा, दाणा काढायचा नाही. कुणाचा नवा असतो, कुणाचा जुना, कुणाचा मेला अर्धा किडका. सगळा एकत्र शिजतो. त्याची उसळ होते आणि पोरं ती पत्रावळीखाली लपवतात.

जालिंदर म्हणाला, "उसळ कसली करता? मी बर्गर करतो. घेवड्याचे. गावानं जन्मात बघितले नसतील."

"ते काय असतंय?" पार्वताक्कांनी विचारलं. मठाची झाडलोट, पाणी सगळं त्याच बघतात.

"घेवड्याची टिक्की करायची, भाजायची, गोल पावात घालायची. वर कांदा, टोमॅटो, चटणी."

"म्हंजे चपटा वडापाव की रं."

"वडापाव नव्हे, अक्का!"

"बरं बाबा, चपटा नव्हे."

आता चूक कुठं झाली ते बघा. मुठी जमा झाल्या आदल्या दिवशी पहाटे. ह्या साहेबानं सूप मागवलं आणि निवडायला बसला. चकचकीत, टपोरे तेवढे दाणे ठेवले. राखाडी, सुरकुतलेले दाणे वेगळे केले आणि मठामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकले. हॉटेलात असंच करतात म्हणे.

ते दाणे बहुतेक एकाच मुठीतले होते. गावातला एक म्हातारा घेवडा राखेत घोळून मडक्यात ठेवतो, त्याची आई ठेवायची तसा. कीड लागत नाही. दाण्याचा दगड होतो, हेही खरं. म्हातारा नेमका तेव्हाच म्हशीचा चारा डोक्यावर घेऊन मागच्या वाटेनं चालला होता.

"काय रं जालिंदर, माझा घेवडा कोंबड्यांना?"

"आजोबा, हा घेवडा नव्हे, खडी आहे खडी. सडकेच्या ठेकेदाराला द्या."

आणि हसला. पार्वताक्कासुद्धा हसल्या. म्हातारा काही न बोलता निघून गेला, आणि त्या म्हाताऱ्याच्या मानानं हे फारच झालं.

टपोऱ्यांतले थोडे दाणे गरम पाण्यात भिजले आणि चुलीवर चढले. उकळीबरोबर शिजून लोण्यासारखे झाले. जालिंदरनं ते वाटून काढले, एकजीव, गुळगुळीत. दुपार कलली तेव्हा उद्यासाठी एक घाणा करून बघायला बसला, आणि तव्यावर झाला तो भुगा.

तर तिथं आपण होतो.

बुवांनी डोळे उघडले. उठून तव्याजवळ आले. भुग्यातला एक गोळा उचलला आणि जालिंदरच्या तळहातावर ठेवला. मग स्वतःच्या हातानं त्याची मूठ मिटली.

"दाब."

जालिंदरनं दाबली. बोटांच्या फटींतून सगळं चिखलासारखं बाहेर आलं.

"ही कुणाची मूठ?"

"माझी."

"गावाची कुठाय?"

जालिंदर उठला आणि मठामागं गेला.

उकिरड्यावर कोंबड्या जमल्या होत्या. त्यांना हाकलत, शेणात बोटं घालत, तो एकेक दाणा वेचायला लागला. एक कोंबडी चोचीत दाणा धरून पळाली. हाही तिच्यामागं पळाला, पार रामफळाच्या झाडापर्यंत.

"पोटात गेलेले राहू देत रं," पार्वताक्का खिडकीतून म्हणाल्या. "तेवढं बुवा धरायचे न्हाईत."

त्यानं दाणे धुतले. पुन्हा धुतले. सांजेला पाण्यात घातले.

दुसऱ्या दिवशी अवस. उजाडताच टपोऱ्या दाण्यांचं पातेलं शिजून उतरलं. कापडावर पसरून त्यांचं पाणी सुकवत ठेवलं. शेजारच्या चुलीवर राखेतला घेवडा रटरटत होता.

बुवा आले. "शिजला का?"

जालिंदरनं एक दाणा काढून अंगठ्यात दाबला. दाणा निसटून भिंतीला लागला.

"नाही."

"झाकण ठेव."

उन्हं दारात आली. पाव आले. पार्वताक्कांनी चटणीला शेंगदाणे भाजले, कुटले. कांदा चिरून झाला.

"शिजला का?"

"नाही, बुवा."

"झाकण ठेव."

खाली गावात माणसं आंघोळी आटपून टेकडीकडं बघायला लागली होती. जालिंदरचा सदरा घामानं पाठीला चिकटला. दर थोड्या वेळानं तो झाकण उचलायचा, दाणा दाबायचा, झाकण आपटायचा. शेवटी फळीवरचा खायच्या सोड्याचा डबा त्यानं उचलला.

बुवांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. धरलं नाही. नुसता ठेवला.

"अहो, गाव यायची वेळ झाली!" जालिंदर ओरडला. "तुमचं काय जातंय? एसटी मला धरायचीय! सोडा नाही, काही नाही, कसा शिजणार हा? हा शिजणारच नाही! असल्या दाण्याला फेकूनच द्यायचं असतं!"

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

"हे कुणी म्हणलं होतं तुला, पिशवी रस्त्यावर ठेवताना?"

चुलीत एक लाकूड तडकलं.

जालिंदरनं डबा फळीवर ठेवला. उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग पातेल्यात कपभर गरम पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. ह्यावेळी आपटलं नाही. शेजारीच बसून राहिला, जाळ मागं-पुढं करत.

बुवाही बसले.

पहिली माणसं पायऱ्या चढायला लागली तेव्हा त्यानं आपणहून झाकण उचललं. दाणा घेतला. दाबला. आत पार मऊ झाला होता, पण आपला आकार धरून होता.

"बुवा..."

"मला काय दाखवतोस? कामाला लाग."

ह्यावेळी त्यानं वाटलं नाही. टपोरा घेवडा हातानं कुस्करला, राखेतला नुसता अर्धामुर्धा चेचला. दोन्ही एकत्र केले. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, घरचा काळा मसाला, बांधायला चिमूटभर बेसन. बटाटा नाही, पोहे नाहीत. गोळे चपटे केले आणि तव्यावर सोडले.

उलथनं हातात घेतलं. टिक्कीखाली घालायला गेला.

"तिला तवा सोडू दे आधी," बुवा म्हणाले.

थांबला. कडा लालसर झाल्या. तवा हलवला तशी टिक्की आपोआप सरकली. मग त्यानं उलटली.

अख्खी.

जालिंदरनं दुसरी उलटली. तिसरी उलटली. मग एकदम हसला, लहान पोरासारखा, आणि नाक ओढलं.

पंगत बसली. पहिल्यांदा सगळ्यांनी पाव उचलून खालून बघितला.

"ह्याला धरायचं कुठनं?"

"तोंड मोठं कर, तुझ्या बायकोशी बोलताना करतोस तसं."

"अक्का, हा चपटा वडापाव लई झाक झालाय गं!"

"वडापाव नव्हे," पार्वताक्का म्हणाल्या. "बर्गर म्हणा. त्येला राग येतोय."

पोरांनी पत्रावळीखाली काही लपवलं नाही. उलट शेजाऱ्याच्या पत्रावळीवर डोळा ठेवला. तो म्हातारासुद्धा आला होता, चेहरा पाडून कोपऱ्यात बसला होता. पाव उघडून त्यानं आत बघितलं. लाल चुऱ्यामधून त्याचे राखाडी दाणे डोळे काढून बघत होते. म्हाताऱ्यानं खाल्ले. किती खाल्ले ते विचारू नका.

पार्वताक्कांनी पातेलं घासायला घेतलं तेव्हा त्यात घासण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

संध्याकाळी टेकडीखाली एसटी आली. हॉर्न वाजला. जालिंदर मठाच्या दारात उभा, पिशवी पायाशी. बुवांकडं बघत होता.

बुवा सुपातलं कांद्याचं टरफल फुंकत होते.

"मोठी झाकणं कुठं ठेवतात ते अक्काला विचारून घे," ते म्हणाले. "रोज मला विचारायला येऊ नकोस."

हॉर्न पुन्हा वाजला. एसटी गेली.

जालिंदरनं बुवांचे पाय धरले. "दाणे फेकले, बुवा. वर नको ते बोललो. माफ करा."

"माझे होते?"

"नाही..."

"मग?"

"ज्याचे होते तो म्हातारा लई तोंडाळ आहे, बुवा. दारातनंच शिव्या घालील. एका शब्दात काही ऐकून घ्यायचा नाही."

"मग काय, सोडा घालतोस?"

जालिंदर पिशवी घेऊन आत गेला.

झालं. पोरांना एवढीच गोष्ट पाहिजे होती, पण पोरांना सगळं कुठं ठाऊक असतं?

तो म्हातारा मीच, संतू शेलार. मी नव्हतो तिथलं मागनं पार्वताक्कांनी सांगितलं. माझ्या घेवड्याला खडी म्हणाला होता, ते मी विसरलो नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत पुढची अवस आली. मठात बर्गर चालू झाले, गावोगावची माणसं यायला लागली, जालिंदर कुणाशी भांडत नाही म्हणे. असेल. माझ्याकडं आला नाही.

मग मीच गेलो टेकडीवर, मूठ द्यायला. राखेतलीच दिली, मुद्दाम. आणि बुवांना तोंडावर म्हणालो, "तुमचा शिष्य भला झाला असेल. माझी माफी अजून मागितली नाही त्यानं. दारात तोंडसुद्धा दाखवलं नाही."

बुवांनी माझी मूठ पातेल्यात ओतली. दाणे खडखडले.

"जालिंदर फाळके रोज तिन्हीसांजेला तुझ्या दाराशी येतो, संतू," ते म्हणाले. "दाणा शिजलाय का बघतो, नि परत जातो."