एकटीचा बांबूनाच

छावणीत एका मिझो सुभेदाराची बायको राहायला आली, रिनपुई तिचं नाव. नवरा सरहद्दीवर, आणि दोन वर्षांत शेजारची एक बाई म्हणून तिचा उंबरा चढली नाही.

मग छावणीचा सोहळा आला. कर्नलीणबाई भरसभेत म्हणाल्या, "आपल्याकडे सगळ्या प्रांतांना सारखा मान असतो. रिनपुई, दाखव बघू तुमचा बांबूनाच."

तिनं जमिनीवर बांबू मांडले आणि त्या बांबूंकडे बघत उभी राहिली.

"अगं, नाच की."

"नाचेन, बाईसाहेब. पण बांबू आपटायला आठजणी समोर बसाव्या लागतात. दोन वर्षांत माझ्यासमोर चहालासुद्धा कुणी बसलं नाही. आज कुणाला हाक मारू?"

कर्नलीणबाईंनी पदर खोचला आणि खाली बसून बांबूचं एक टोक धरलं. दुसरं टोक मात्र बराच वेळ तसंच पडून होतं.