हवा लागू देऊ नका

पुन्हा मलाच बसवलंय सांगायला. नातवंडांना हसायचंय म्हणे. हसा. पण मधे कोणी बोललं तर मी उठून जाईन.

एका गावाबाहेर एक प्रयोगशाळा होती आणि तिथं केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे, सांगितलेलं तंतोतंत करणारा. असल्या माणसापासून देव वाचवो.

तिथल्या हेमांगी म्याडम सहा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होत्या. शरीरातल्या गाठीला हवा कमी पडली की तिच्या पेशी एक प्रथिन काढतात. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला हुडकून नेमकी चिकटणारी अँटीबॉडी म्याडमनी परदेशातून मागवली. ती चिकटली की पेशींचा रस लावलेली कागदाची पट्टी अंधारात उजळते. आल्या तीन कुप्या, करंगळीच्या पेराएवढ्या. गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते. पट्टी उजळली तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

"केरबा, ह्या कुप्या बर्फात ठेवा. इथलं सगळं थंडीनंच टिकतं."

केरबानं कुप्या बर्फात ठेवल्या. शेजारी पेशींची बशी होती, तीही ठेवली. पेशी मेल्या.

"अहो, त्या जिवंत होत्या! जिवंत असेल त्याला ऊब लागते!"

"बरं म्याडम. मला आधी सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी म्याडम कोणाला तरी सांगत होत्या की ही अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढतात. केरबाला वाईट वाटलं. ससा म्हणजे जिवंत, आणि बिचारा बर्फात! त्यानं एक कुपी उचलली आणि दिवसभर काखेत धरून हिंडला. जेवलाही डाव्या हातानं. संध्याकाळी म्याडमनी ती लावून पाहिली. पट्टी काळी ठिक्कर.

"अहो, कुपीत ससा नाहीये! ऊब पेशींना. त्या श्वास घेतात, कुपी घेते का?"

"बरं म्याडम. मला आधी सांगायचं की!"

मग म्याडमनी नव्या पेशी बिनहवेच्या डब्यात ठेवल्या. केरबानं काचेतून पाहिलं. श्वास घेणारे जीव, आणि कोंडलेले! त्यानं झाकण उघडलं, वर पुठ्ठ्यानं वारा घातला. म्याडमना पत्ता नाही. त्यांनी दुसरी कुपी लावली. पट्टी काळी ठिक्कर. तेव्हा केरबानंच कौतुकानं वाऱ्याचं सांगितलं.

म्याडम स्टुलावर बसल्या आणि रडल्या. मग हळू म्हणाल्या, "श्वास कोंडला तरच ते प्रथिन येतं, केरबा. हवा लागली की पाच मिनिटांत पळतं. बघायचं असेल तिथं हवेला एक फट ठेवायची नाही."

केरबाही रडला. सहा वर्षांचं काम आणि एकच कुपी. आता चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं. घात तिथंच झाला.

गुरुवारी साहेब आले, सोबत आणखी तिघं. "केरबा, यांना अंधाऱ्या खोलीत बसवा, कुपी सांभाळा. मी पेशी घेऊन आले."

पट्टी बघायची ती खोली म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी. आत एक लाल दिवा. केरबानं सगळ्यांना बसवलं. कडी लावली. वारा बाहेर फेकणारा पंखा बंद केला. दाराच्या फटींना चिकटपट्टी मारली. एप्रिल महिना होता.

"अहो, पंखा लावा," साहेब म्हणाले.

"पळेल, साहेब."

"काय पळेल?"

"जरा दम धरा."

दमच धरता येईना. साहेब घामाघूम, धापा टाकायला लागले. केरबाचा चेहरा उजळला. म्हणजे आलं! बाहेरून म्याडमनी दार ठोठावलं.

"थांबा म्याडम! आत्ता उघडलं तर हवा लागेल!"

म्याडमनी मला फाटकावरून बोलावलं. पहारा माझाच होता. तिसऱ्या लाथेला कडी निघाली. आत पाहतो तर केरबानं शेवटची कुपी साहेबांच्या टकलावर पालथी केलेली, आणि हातानं नीट पसरवत होता.

"हलू नका, साहेब. आता डोकं उजळेल. मग म्याडमच्या कामाला हो म्हणा."

टक्कल काही उजळलं नाही. मी दार उघडून हवा लावली ना! केरबाचं आजही तेच म्हणणं आहे.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, शिपाई आज्ञाधारक आहे, पहारेकरी उद्धट. आणि केरबा धरून पाच जणांना जिवंत बाहेर काढणाऱ्या मला सगळ्यांदेखत गाढव म्हणाले. अकरा वर्षं झाली. माफी अजून यायची आहे. साहेबांचं नाव लक्षात ठेवा: डॉक्टर श्रीनिवास पटवेकर.