एक बाहुली, दोन वऱ्हाडं

गुलबक्षीच्या ताटव्यामागे बसून शेवंता मुसमुसत होती. एरवी ती रडूबाई नव्हती बरं का! अंगात ठिगळांचा झगा, पायात काही नाही, घरात जेमतेम भाकरी. तरी त्यातली अर्धी ती रोज हसतहसत ठिपक्याला द्यायची. ठिपक्या म्हणजे गोदामावशीच्या गोठ्यातलं तीन पायांचं कुत्र्याचं पिल्लू. त्या गोठ्यात सगळे असेच. आंधळं वासरू, कान तुटलेली मनी, म्हातारी शेळी. ज्यांना कोणी नाही, त्यांना गोदामावशी. पण काल वावटळ आली आणि गोठ्याचं छप्पर उडवून घेऊन गेली. नवं छप्पर झालं नाही, तर सगळ्यांना दूर परगावी पाठवावं लागणार होतं. ठिपक्यालासुद्धा!

"अगंबाई, माझ्या पाकळ्या खारट करतेस होय?"

शेवंताने दचकून पाहिलं. फुलातून एक इवलीशी परी डोकावत होती. एक पंख गुलाबी, एक पिवळाधमक, कपाळावर दवाची लखलखती टिकली!

"परी! मला गोठ्यासाठी छप्पर दे ना!"

"मी एवढुश्शी, छप्पर कुठलं आणू?" परी हसली. "दोन इच्छा देते तुला. पण नियम ऐक हं. मुठीत मावेल तेवढंच मागायचं. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि माणसांची मनं मी वळवत नाही, ती तुझी तू वळवायची."

मुठीत छप्पर कसं मावणार? शेवंताने कमरेला खोचलेली चिंधी छातीशी धरली. चिंधी म्हणजे आईने शिवलेली तिची एकुलती एक बाहुली. आणि शेवंता टुणकन उठलीच! बाहुलीचं लग्न लावायचं! लग्न म्हटलं की गाव येणार, गाव आलं की आहेर येणार, आणि सगळा आहेर गोठ्याला!

पण चिंधीला नवरी केलं, तर ती सासरी जाणार. नको गं बाई!

"परी, गोठ्यासाठी एक नवरी बाहुली दे!"

मूठ उघडली, तर आत इटुकली नवरी. हिरवा शालू, मोत्यांच्या मुंडावळ्या!

"आहेर मात्र गोठ्यालाच हं!" असं सांगत शेवंता आमंत्रणाला धावत सुटली. वरच्या आळीत तात्यांनी मिशी पिळत विचारलं, "वरपक्ष आम्हीच ना गं?"

"हो तात्या!"

खालच्या आळीत सरूकाकूंनी विचारलं, "नवरदेव आमचाच ना?"

"हो काकू!"

आनंदाच्या भरात शेवंता कुणाला नाही म्हणेल तर शपथ!

लग्नाचा दिवस उजाडला. रंगीत पताका फडफडल्या, डब्यांचा ताशा कडकडला. वरची आळी बाहुला मिरवत, डोक्यावर पत्रे आणि बांबू घेऊन आली आणि चिंचेपाशी थांबली. खालची आळी दुसरा बाहुला मिरवत, पेंडीची पोती घेऊन आली आणि विहिरीपाशी थांबली. मग कुणी हलेचना.

"अगं पोरी," गोदामावशीने कपाळावर हात मारला, "वरपक्ष आपणहून मांडवात येतो होय? वेशीवर जाऊन, पाय धुऊन, मानाने आणायचा असतो! आणि हे तर दोन-दोन वरपक्ष. वधूपक्ष कुठाय?"

"आधी आमचा मान!" तिकडून तात्या गरजले. "नाहीतर हे निघालो माघारी!"

"मग आम्ही काय उपरे?" सरूकाकू कडाडल्या.

झालं! तात्यांसोबत छप्परही माघारी वळायला लागलं. शेवंताने चिंधीकडे पाहिलं, तिची पापी घेतली आणि तिला नवरीशेजारी दुसऱ्या पाटावर बसवलं. "चिंधे, शहाण्यासारखी नांद हं." मग तिने मूठ मिटली. "परी, आमच्या वधूपक्षासाठी मूठभर फुलं!"

मुठीतून गुलाबी-पिवळे हार सळसळत निघाले आणि थेट गोठ्यातल्या गळ्यांत जाऊन पडले. नवरी गोठ्याची, म्हणून वधूपक्षही गोठ्यातलाच! मनी ऐटीत निघाली, वासरू शेळीच्या घंटेमागे निघालं, आणि सगळ्यांच्या पुढे ठिपक्या, टुणुक टुणुक!

"तात्या, काकू, मी चुकले," शेवंता म्हणाली. "दोघांनाही हो म्हणाले. पण आता नवऱ्याही दोन आहेत. याल ना?"

तात्या काही बोलणार, तोच ठिपक्याने त्यांचे पाय चाटायला सुरुवात केली. आधी डावा, मग उजवा! तात्यांची मिशी थरथरली आणि ते खो-खो हसत सुटले. "अरे, पाय धुतले आमचे! मान पावला!" तिकडे वासराने सरूकाकूंच्या हातातल्या अक्षता फस्त केल्या आणि काकूंनी त्याला पोटाशीच धरलं.

शुभमंगल सावधान! अक्षता उडाल्या, पत्रे चढले, आणि ऊन उतरायच्या आत गोठ्यावर छप्पर झळकलं!

तात्यांची नात चिंधीला घेऊन निघाली, तेव्हा मात्र शेवंताचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं," तात्या म्हणाले. "सून आमची, पण माहेर तिचं तुझ्याकडेच. दर सणाला येईल ती. आणि आईला सांग, आळीतल्या सगळ्या पोरींना अश्शीच बाहुली हवीय. आईला आता कामाला तोटा नाही!"

संध्याकाळी गुलबक्षी उमलली. परी म्हणाली, "नियम संपले, शेवंता. आता स्वतःसाठी माग. मुठीत काय ठेवू?"

शेवंताने मूठ दाखवली. तिच्यात ठिपक्याचा पंजा होता. "जागाच नाही गं," ती म्हणाली.

परी इतकी हसली, इतकी हसली, की हसताहसता तिचा उजेडच झाला! गुलाबी, पिवळा, सोनेरी उजेड, आणि मग नुसती फुलं.

त्या उजेडाचा एक सोनेरी ठिपका ठिपक्याच्या नाकावर राहून गेला. बघायचाय? मग जा की गोठ्यात. पण वधूपक्षाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हं, अर्धी भाकरी तरी न्यायची!