सरकून घ्या

त्या राज्यात घरं नदीच्या अलीकडे होती आणि पोट भरायची रानं पलीकडे. पूल नव्हता, भुरी म्हैस होती. ऊन असो वा पूर, तिची फेरी कधी चुकली नाही. ती "सरकून घ्या!" म्हणाली, की पाठीवरचे सगळे मधे दाटून बसत आणि आणखी एकाची सोय होई.

साळू साळिंदरीची सोय मात्र शेपटाकडे. "बाई गं, तुझे काटे!" असं म्हणत घोरपड तिला रोज टोकाला लोटायची.

मग खोकल्याची साथ आली. ती खेटून बसलेल्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला लागायची. साळूची आई म्हातारी, छातीने अधू. साथ घरात शिरली तर ती वाचणार नव्हती आणि पलीकडचे कंद आले नाहीत तर उपाशी मरणार होती. साळूने दातांनी एक ओंडका तोडला आणि त्यावर बसून नदीत उतरली. आईची काळजी तर होतीच. पण इथे टोकाला लोटणारं कुणी नाही, याचंही सुख काही कमी नव्हतं.

दात असलेल्या सगळ्यांनी हेच केलं. एकेका ओंडक्यावर एकेक स्वारी! एका संध्याकाळी ऐन धारेत ओंडक्याला ओंडका अडकला. "आधी तू हो बाजूला," असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. साळूच्या ओंडक्यावरचे कंद तसेच पडून होते आणि काठावर आई वाट पाहत होती.

मागे भुरीही अडकली होती. पाठीवर बिनओंडक्याचे जीव, तेही खोकणारे. "अरे, सरकून घ्या!" ती ओंडक्यांवरच्यांना कळवळून म्हणाली आणि सवयीने पाठीवरचेच सगळे मधे आणखी दाटले. भुरीने कपाळावर हात मारला असता, पण तिला हात नव्हते. गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती बिचारी, पण एकालाही खाली उतर म्हणाली नाही. ते पाहून साळूला भरून आलं. एवढी मोठी पाठ आपण सोडून आलो, याची तिला लाज वाटली.

तिने कंद तोंडात धरले आणि पाण्यात उडी घेतली. मोकळा ओंडका वाहून गेला आणि त्याच्या जागी म्हैस जाईल एवढी वाट झाली. साळू सवयीने शेपटाकडे चढली.

"तिथे नको पोरी," भुरी म्हणाली, "मधे ये. आणि काटे फुलव चांगले."

साळूने काटे फुलवले. कुणी खांद्याकडे पळालं, कुणी पुठ्ठ्याकडे. प्रत्येकाला आपापला कोपरा सापडला आणि कुणाचा श्वास कुणाला लागेना. त्या रात्री आई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी काठावर ओंडके बरेच कमी होते. घोरपड मात्र भुरीजवळ अडून उभी होती.

"साळूबाई आल्या का? त्या बसल्याशिवाय मी नाही बाई चढणार!"

"येतेय ती," भुरी म्हणाली. "तुम्ही सरकून घ्या."

चढलेले सगळे कडेकडेला सरकले आणि मधली जागा मोकळी ठेवून साळूची वाट पाहत बसले.