शाबूत सील

“पुढच्या ट्रकला ‘जा’ म्हणालात. मागून आलेल्या टेंपोलाही ‘जा’ म्हणालात. मग मलाच का नाही?”

दस्तगीर मिस्त्रींनी स्टोव्हला दोन पंप मारले आणि चहाचं आधण वर ठेवलं.

घाटाचा उतार सुरू होतो त्याच्या अलीकडे पत्र्याचं एक छप्पर आहे. त्याखाली एक बाकडं, एक स्टोव्ह आणि दस्तगीर मिस्त्री. चाळीस वर्षं ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करून हात थकले, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. जागा मात्र सोडली नाही. खाली कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी तिथे घटकाभर थांबते. मिस्त्री तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, “जा.” कधी कधी ते म्हणत नाहीत. मग भले भले ड्रायव्हर मुकाट्याने चाकाखाली दगड लावतात आणि बॉनेट उघडतात. हा रिवाज कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

भालचंद्र परुळेकरांना असल्या रिवाजांचा भारी संशय. संशय हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना! वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं निरीक्षक. वाण्याचा तराजू असो, रद्दीवाल्याचा काटा असो, तपासायचा आणि त्यावर शिशाचं सील मारायचं. माणूस निवृत्त झाला, नजर काही झाली नाही. दूधवाला दारात आला की ते आधी त्याच्या मापाचा तळ पोचा आहे का बघत, मग दूध बघत.

आज गाडीत त्यांची मुलगी होती. सुमेधा. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. सासर वर देशावर, माहेर घाटाखाली. परवा डोहाळजेवण झालं आणि आज परुळेकर, तिचे अण्णा, तिला घेऊन निघाले होते. निघताना जावयाने हात जोडून सांगितलं होतं, “मिस्त्रींनी ‘जा’ म्हटल्याशिवाय घाट उतरू नका.” म्हणूनच परुळेकर थांबले होते. आणि म्हणूनच जावयाचं आणि ह्या म्हाताऱ्याचं काहीतरी साटंलोटं असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

“तुमचं गॅरेज कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“हुतं. बंद केलं.”

“भावाचं? पुतण्याचं?”

“न्हाई.”

“जवळपास एखादा मेकॅनिक तर असेलच?”

“आठ किलोमीटरवर हाय एक.”

“हां!” परुळेकरांचे डोळे लकाकले. “आणि तो तुमचा कोण?”

“माझा चेला. पंधरा वर्षं झाली, माझ्याशी बोलत न्हाई.”

ह्यात संशयाला जागा कुठे आहे ते परुळेकरांना चटकन सापडेना. त्याचाही त्यांना रागच आला.

त्यांनी गाडीतून कागदांची पिशवी आणली. विमा, धुराचं प्रमाणपत्र, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात. मिस्त्रींनी कागद अदबीने हातात घेतले, एकेक करून वाचले, होते तसे आत सारले आणि परत दिले.

“छान हाईत.”

“मग?”

मिस्त्रींनी चहा गाळला आणि पेला बाकड्यावर बसलेल्या सुमेधाला दिला.

“अहो, मग काय?”

“गाडी आली तवा मी मागनं बघत हुतो,” मिस्त्री म्हणाले. “मागचा लाल दिवा पेटला, गाडी चालूच. इजला. परत पेटला, तवा थांबली.”

“जुनी गाडी आहे. ब्रेक दोनदा दाबावा लागतो. तिची ती सवयच आहे.”

“सवय तिची... का तुमची?”

सुमेधा बाकड्यावर चहाचा पेला धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, “अण्णा, डॅशबोर्डवरचा तो ब्रेकचा दिवा, वळणावर लुकलुकतो तो. त्याचंही सांगा ना त्यांना.”

“ती वायर सैल आहे. तू चहा पी.”

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. परुळेकरांना वाटलं, आता हा म्हातारा बॉनेट उघडणार, आत डोकं घालणार आणि बाहेर येताना चांगला मोठा खर्च घेऊन येणार. पण मिस्त्री जागचे हलले नाहीत.

“बघा की उघडून!” परुळेकर म्हणाले. “हात लावून बघा.”

“दुसऱ्याच्या गाडीला मी हात लावत न्हाई.”

“का?”

“मालकानं लावायचा.”

पक्का बिलंदर आहे, परुळेकरांनी मनात नोंद केली. हात लावायचा नाही, म्हणजे उद्या काही झालं तर अंगाशी यायला नको.

त्यांनी ताडताड जाऊन स्वतःच बॉनेट उघडलं. अशा वेळी दाखवायला त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता.

“या, इकडे या. हे बघा!”

मिस्त्रींनी बघितलं. आयुष्यात त्यांनी हजारो इंजिनं बघितली असतील, पण असं नव्हतं बघितलं. इंजिन ऑइलचं झाकण, पाण्याचं झाकण, ब्रेक ऑइलची डबी... प्रत्येकावर तार आवळलेली आणि तारेच्या गाठीला शिशाचं सील. सीलवर बारीक अक्षरं, ‘भा.प.’.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने आपली चांगली बॅटरी काढून जुनी बसवली, असा परुळेकरांना संशय आला. शाबीत झालं नाही, पण संशय तो संशय. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांत तेल घालून सगळं नवीन भरून घेतलं, गाडी घरी आणली आणि स्वतःच्या नावाचा छाप करवून एकेक झाकण सीलबंद केलं. चाकांच्या हवेच्या टोप्या तेवढ्या सुटल्या, त्याही तार बसेना म्हणून.

“सगळी शाबूत आहेत,” परुळेकर म्हणाले. आवाजात जुना निरीक्षक बोलत होता. “एकही तार हललेली नाही.”

“कुणी उघडलं न्हाई?”

“कुणाची टाप आहे!”

“तुमी?”

“मी कशाला उघडू? सील मीच मारलंय.”

मिस्त्री डबीकडे बघत राहिले. मूळची पांढरी डबी धूळ आणि तेलकटाने तपकिरी झाली होती. आत काय आहे, काय नाही, बाहेरून काही कळत नव्हतं.

“म्हंजे आत समदं ठीक हाय.”

“अर्थात!”

“लेकीला घेऊन उतरणार.”

“का नाही उतरणार? तुम्ही ‘जा’ म्हणा, नाहीतर म्हणू नका.”

मिस्त्रींनी काठी घेतली. गाडीच्या पुढे चालत गेले. डांबरी रस्त्याच्या कडेला गाड्या थांबायची मातीची पट्टी होती, तिलाही थोडा उतार होता. वीसेक पावलांवर ते थांबले, वळले आणि त्या पट्टीच्या मधोमध मांडी घालून बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

“या,” ते म्हणाले.

“कुठे?”

“गाडी घेऊन या. माझ्यापाशी आणून थांबवा. दाबायचं एकच डाव.”

परुळेकर हसले. ही जुनी युक्ती आहे, त्यांनी ओळखली. समोरचा घाबरावा म्हणून काहीतरी नाटक करायचं आणि ऐन वेळी बाजूला व्हायचं. काटा मारणारे दुकानदार असेच छातीवर हात ठेवून मुलाबाळांच्या शपथा घेत.

“ऐन वेळी सरकाल!”

“गुडघे धरल्यात साहेब. बसायला येळ लागतो. उठायला त्येच्या दुप्पट.”

“अण्णा, नको,” सुमेधा उभी राहिली.

“तू बस. आत्ता दाखवतो ह्यांना.”

परुळेकर गाडीत बसले. चावी फिरवली. हँडब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला आणि, सवयीप्रमाणे नव्हे, सांगितल्याप्रमाणे, ब्रेक एकदाच दाबला.

भिजवलेल्या पोह्यांत बोट जावं तसा पाय आत गेला. गेला, गेला आणि पार खाली टेकला.

समोरच्या काचेत मिस्त्रींची पांढरी टोपी दिसत होती. म्हातारा हलत नव्हता. बाजूला होण्याची तयारीही दिसत नव्हती. तो शांतपणे त्यांच्याकडे बघत होता.

परुळेकरांनी पाय सोडला. परत एकदाच दाबून बघितला.

...तेच.

दोन महिने ते ब्रेक दोनदा दाबत होते. पहिला दाब कुठे जातो, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक काट्याचा त्यांना संशय होता. आपल्या पायाखालच्या ह्या एवढ्याशा पेडलचा तेवढा नव्हता.

त्यांचं लक्ष शेजारच्या सीटकडे गेलं. तिथे सुमेधाची शाल पडली होती. अजून पाच मिनिटांनी ती इथे बसली असती, पोटावर हात ठेवून, आणि पुढे घाटाची सगळी वळणं. परुळेकर घाबरले. त्या क्षणी त्यांना कुणाचाही संशय आला नाही, नुसती भीती वाटली.

हँडब्रेक त्यांनी सोडलाच नाही. इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

डिकीतून त्यांनी पक्कड आणली. ब्रेक ऑइलच्या डबीपाशी उभे राहिले. स्वतःचं सील तोडायला हात धजेना, पस्तीस वर्षांत सील तोडणाऱ्यावर त्यांनी खटले भरले होते. शेवटी तार कापली. झाकण फिरवलं.

तळाला जेमतेम बोटभर काळपट तेल होतं.

“चोरलं!” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मिस्त्री काठी टेकत टेकत येत होते. “कुणी?”

“तेच म्हणतो मी! सील शाबूत. तार शाबूत. मग नेलं कुणी?”

मिस्त्रींनी काठीचं टोक मागच्या डाव्या चाकाकडे केलं. “वाका.”

परुळेकर वाकले. मग गुडघ्यावर बसले. शेवटी मातीत आडवे झाले, तेव्हा दिसलं. चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ होता, त्यावर धूळ बसून पोपडे धरले होते. आजचा नव्हता, कालचाही नव्हता. त्यांनी बोट लावलं, वास घेतला आणि तसेच काही वेळ पडून राहिले.

“अण्णा, उठा,” सुमेधा म्हणाली.

घाट चढून आलेल्या एका टेंपोबरोबर निरोप गेला. तासाभराने मिस्त्रींचा न बोलणारा चेला मोटारसायकलवरून सामान घेऊन आला. त्याने गुरूकडे बघितलं नाही, गुरूने त्याच्याकडे नाही. त्याने चाक काढलं, आतला गळका सिलिंडर काढून परुळेकरांच्या हातात दिला, नवा बसवला. परुळेकर एकदाही ‘नवीनच आहे ना?’ म्हणाले नाहीत. मिस्त्रींनी डबी त्यांनाच पुसायला लावली, तेल त्यांनाच ओतायला लावलं. मग नळीतली हवा काढायची होती. चेला चाकापाशी बसला, परुळेकर आत.

“दाबा... धरा... सोडा,” मिस्त्री बाकड्यावरून सांगत होते. “दाबा... धरा...”

तीस-चाळीस वेळा तरी झालं असेल. पोटरी भरून आली. आणि मग एका दाबाला पाय अर्ध्यावर थांबला, दगडावर टेकावा तसा. परुळेकरांनी पुन्हा दाबला. पुन्हा थांबला. मग ते उगाच आरसा नीट करत बसले.

चेला आला तसा न बोलता गेला. सुमेधा उठली आणि शाल अंगावर घेऊन गाडीपाशी आली.

परुळेकरांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. तेल बरोबर खुणेपर्यंत, स्वच्छ, सोनेरी. बघून समाधान वाटलं. मग त्यांनी डिकीतून एक पत्र्याची डबी काढली, तिच्यातून तार घेतली, शिशाचा एक मणी घेतला आणि छापाची पक्कड हातात धरली.

“अण्णा! पुन्हा?”

“आता सगळं नवं आहे, बाळ. आता तर हवंच.”

मिस्त्री बाकड्यावरून उठले. गाडीपाशी आले. गाडीला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी परुळेकरांचं मनगट धरलं, पक्कडीसकट तो हात हळूच वर उचलला आणि परुळेकरांच्याच डोळ्यापाशी नेला; पापणी आपोआप मिटली.

“परत उघडून बघायचं नसंल, तर आधी हितं मारा, साहेब. मग निघा.”